एलेउतेरिओला टेरी म्हणू नका

"टेरी! टेरी, लव्ह, ऐकू येतंय का?" लिंडा त्यांच्या कानाशी वाकून ओरडत होती आणि म्हातारे गृहस्थ शांतपणे खिडकीबाहेर बघत बसले होते. तिसऱ्या हाकेनंतर तिनं फॉर्मवर लिहिलं, 'नावाला प्रतिसाद नाही,' आणि पेन खिशाला अडकवून ती निघून गेली.

ही २००४ सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये स्लाऊ गावातल्या एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धनिवासात, मी नर्स होते. नागपूरहून वर्क परमिटवर येऊन दीड वर्ष झालं होतं. लिंडा आमची मॅनेजर. खालच्या मजल्यावर बाग होती, मोठ्या काचा होत्या, दुपारी कुणीतरी पियानो वाजवायला येई. वरच्या मजल्याच्या दाराला कोडचं कुलूप होतं. ज्यांना आता काही कळत नाही असं ठरे, त्यांना वर नेत. वर गेलेला माणूस खाली आलेला मी पाहिला नव्हता. टेरींना खाली ठेवायचं की वर, हे ठरवणारा रिव्ह्यू पंधरा दिवसांवर आला होता आणि लिंडाच्या मनात त्यांची खोली कधीच वरची झाली होती.

मला ते पटत नव्हतं. शर्ट कुठला घालायचा विचारलं की हे गृहस्थ बोटानं निळा दाखवत. चहात साखर कमी पडली की कप परत सरकवत. कानांची तपासणी दोनदा झाली होती, कान ठीक होते. फक्त 'टेरी' म्हटलं की जणू शेजारच्या माणसाला हाक मारली असावी तसे ते बसून राहत. मधूनच एक शब्द पुटपुटत, लांबलचक, माझ्या कानाला न उलगडणारा. फाइलमध्ये त्याची नोंद होती, 'अर्थहीन बडबड.'

बेगोन्या आमच्या किचनमध्ये काम करायची. स्पेनमधल्या बिल्बाओची मुलगी, भाषाशास्त्र शिकलेली, इंग्लिश सुधारायला वर्षभर आलेली. एकदा ती सूपची ट्रॉली घेऊन आली तेव्हा म्हातारबाबांचं पुटपुटणं चाललं होतं. ती जागीच थांबली.

"कस्तुरी, हे नाव सांगताहेत," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"एलेउतेरिओ. माझ्या आजीच्या भावाचं होतं. आता स्पेनमध्ये हे नाव कुणी ठेवत नाही गं. मला माहीत असलेले सगळे एलेउतेरिओ सत्तरीच्या पुढचे आहेत, नाहीतर गेलेत."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तीन-चारदा मनात घोकलं आणि हाक मारली, "एलेउतेरिओ?"

त्यांनी मान वळवली. पाठ ताठ केली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "प्रेसेंते!"

बेगोन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाळेत हजेरी घेतात ना, तेव्हा आम्ही असं म्हणतो," ती म्हणाली.

म्हणजे 'हजर'. शहात्तर वर्षांचा माणूस वर्गात बसून हजेरी देत होता आणि आम्ही त्याला काही कळत नाही असं ठरवून मोकळे झालो होतो.

त्या दिवशी मी त्यांची फाइल तळापासून वाचली. सगळ्यात खाली नागरिकत्वाच्या कागदाची फोटोकॉपी होती. त्यावर टाइप केलेलं होतं: एलेउतेरिओ उरुतिया, जन्म बिल्बाओ, १९२८. होममध्ये आले त्या दिवसापासून तो कागद तिथे होता. त्याच्यावर बावीस महिन्यांचे चार्ट रचले होते आणि प्रत्येक चार्टवर 'टेरी यू.' आडनावसुद्धा पूर्ण लिहायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. मला संताप आला. त्यातले निदान शंभर चार्ट माझ्या हातचे होते, म्हणून जास्तच.

मी कव्हरवरचं नाव खोडून खरं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर लाल रेघ मारलेली होती. मी लिंडाच्या ऑफिसमध्ये गेले.

"स्टाफला हे म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "आणि त्याची स्वतःची बायको जाईपर्यंत चाळीस वर्षं टेरीच म्हणत होती. तू कोण ठरवणार?"

मी फाइल उचलून बाहेर आले. खरंच, त्यांनीच हौसेनं नाव बदललं असेल तर?

मग मी त्यांनाच विचारलं. सकाळी आंघोळीनंतर ते बरेच भानावर असत. मी नखं कापत होते आणि बेगोन्या शेजारी बसली होती. थोडं स्पॅनिश, थोडं स्लाऊचं इंग्लिश, असं ते बोलले. सदतीस साली स्पेनमधलं यादवी युद्ध पेटलं असताना बिल्बाओवर बॉम्ब पडत होते. जवळजवळ चार हजार मुलांना एका जहाजात घालून साउदॅम्प्टनला पाठवलं. हे नऊ वर्षांचे होते. आई म्हणाली होती, तीनच महिने. नंतर आई राहिली नाही आणि हे इथेच राहिले. सतराव्या वर्षी इथल्या ट्रेडिंग इस्टेटवर, कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला लागले.

"फोरमन म्हणाला, एवढं मोठं नाव मी दिवसभर घेत बसणार नाही. मधला तुकडा घेतो. एलेउ-तेरि-ओ. तू टेरी."

"तुम्हाला चाललं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मला कुणी विचारलं नाही."

थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "ज्या दिवशी जन्मलो त्या दिवशी कॅलेंडरात ह्याच नावाच्या संताचा दिवस होता, म्हणून पाद्री खूश. वडील गोदीत कामाला, चर्चची पायरी चढायचे नाहीत. पण त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि तेही खूश."

"अर्थ काय?" मी विचारलं.

बेगोन्यानं सांगितलं, "शब्द मूळचा ग्रीक आहे. मुक्त. स्वतंत्र माणूस."

आणि आम्ही त्यांना कुलपाच्या मजल्यावर न्यायला निघालो होतो.

घरी मी हे सगळं हरीशला, माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "कस्तुरी, तुझं परमिट त्या होमच्या नावावर आहे आणि माझा व्हिसा तुझ्यावर. हे आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग जरा जपून. नावच तर आहे."

"तुला उद्या ऑफिसात हॅरी म्हणायला लागले तर?"

"म्हणतातच की," तो म्हणाला आणि त्यानं टीव्ही लावला.

रिव्ह्यूला कौन्सिलची सोशल वर्कर आली होती, डॉक्टर होते. मला फक्त औषधांचा चार्ट वाचून दाखवायला बोलावलं होतं. लिंडानं सुरुवात केली, "टेरी? टेरी, डार्लिंग?" म्हातारबाबा भिंतीकडे बघत राहिले. लिंडानं डॉक्टरांकडे पाहून खांदे उडवले. डॉक्टरांनी पेन उघडलं.

"ते त्यांचं नाव नाही," मी म्हणाले.

"कस्तुरी, प्लीज," लिंडा म्हणाली.

"फाइलमधलं शेवटचं पान बघा. ह्या माणसाला बावीस महिने आपण दुसऱ्याच नावानं हाका मारतोय आणि ओ देत नाही म्हणून त्यालाच वेडा ठरवतोय. मी हाक मारते. नाही ओ दिली तर खुशाल वर न्या." माझा आवाज चढला होता. चढू दिला. "सेन्योर एलेउतेरिओ उरुतिया!"

"प्रेसेंते!"

सोशल वर्करनं खुर्ची पुढे ओढली. तिनं फाइलमध्ये पाहून पाहून, चुकत माकत तेच नाव उच्चारलं आणि विचारलं, "तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"

"जिथून झाडं दिसतात," ते म्हणाले. मग लिंडाकडे बोट करून, "आणि हिला सांगा, ओरडू नको. मी बहिरा नाही."

ते खालीच राहिले. मला मात्र आठवड्यानं लेखी वॉर्निंग मिळाली, 'बाहेरच्या अधिकाऱ्यांसमोर अयोग्य वर्तन.' पुढे जी-जी जागा सुटली तिथे अर्ज केला आणि ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलचं पत्र येईपर्यंत वर्ष गेलं. तोपर्यंत काही जणींनी नाव शिकून घेतलं, काही 'मिस्टर ई' म्हणू लागल्या. लिंडा टेरीच म्हणायची आणि ते तिला ओ द्यायचे नाहीत.

पुढच्या मे महिन्यात, नोकरी सोडायच्या माझ्या नोटिशीच्या शेवटच्या आठवड्यात, ते सकाळी नाश्त्याच्या वेळी गेले. हात माझ्या हातात होता. बायकोचा एक भाचा लीड्सला असतो, तो फोनवर म्हणाला, तुम्हीच काय ते उरका. मृत्यूच्या वेळी हजर असलेल्या माणसाला नोंद करता येते, म्हणून ती मी केली. कौन्सिलच्या ऑफिसातली रजिस्ट्रार अर्ध्या चष्म्याची, वयस्क बाई होती. मी एकेक अक्षर सांगत गेले, ती एकेक लिहीत गेली. "दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखले जात?" असं तिनं विचारलं. नियमच होता. खोटं बोलता येईना. 'टेरी'ही लिहिलं गेलं, पण दुसऱ्या जागी.

अंत्यविधी चालवणाऱ्या माणसाचा आदल्या दिवशी फोन आला. त्याला नावाचा उच्चार नीट हवा होता. चार वेळा त्यानं माझ्याकडून म्हणून घेतला. दीड मिनिटाचं काम. आम्ही शिकेपर्यंत साठ वर्षं ते कुणालाच जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मधेच किंचित अडखळला, पण नाव त्यानं अख्खं घेतलं. लिंडा पहिल्या रांगेत बसली होती. बाहेर आल्यावर डोळे टिपत मला म्हणाली, "पुअर टेरी. काय सुंदर झालं ना सगळं?"

तिनं पुढे केलेला हात मी हातात घेतला नाही. बसस्टॉपकडे चालत गेले.