आयचा नवस

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. कुंडलिक. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. भात झोडून झाल्यावर त्यानं मला माहेरी आणून सोडलं नि म्हणाला, "चार दिवस आयला बघ नि ये." माझं सासर म्हशाच्या बाजूला, मुरबाड तालुक्यात. माहेर शहापूरकडं, शेणव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याचा पाडा. आय हातरुणाला खिळलेली, तिला टाकून मी निघणार कशी? पौष उजाडला तेव्हा त्याचा निरोप आला. म्हशाच्या जत्रेआधी घरी ये, नायतर येऊच नको, मी दुसरी करतो. नुसती धमकी नव्हती ती. मला मूल नाय. त्याला निमित्त हवंच होतं, ते माझ्या आयच्या आजारानं आयतं दिलं.

मला माझ्या घरी जायचं होतं. दुसरं काय मागत नव्हते मी. त्यासाठी माझ्या भावानं, मंगळूनं, आपल्या आयला हात लावायला हवा होता.

आता घाण सांगते. ज्याला ऐकवत नाय त्यानं उठून जावं.

आयची डावी छाती सडली होती. आधी नुसती गाठ होती, ती तिनं लाजेनं कोणाला दाखवली नाय. मग गाठ फुटली नि तिथं मूठ जाईल एवढा खड्डा पडला. त्यातून पू गळायचा, रक्त गळायचं, नि वास असा की कणगीमागं उंदीर मरून पडलाय. डोलीत घालून तिला शहापूरला नेली. तिथल्या डॉक्टरानं नाकाला रुमाल न लावता तिला तपासलं, हे त्याचं मी विसरणार नाय. तो म्हणाला, "क्यान्सर आहे, आता कापण्याच्या पलीकडं गेला. रोज कोमट पाण्यानं धुवा, ही पूड टाका, माशी बसू देऊ नका." मंगळूनं मान डोलावली नि घरी आणून आयला गोठ्यात टाकली. घरात वास येतो म्हणे.

त्यात तिचं डोकं चळलेलं. मला कधी ती स्वतःची आय समजायची, कधी गोवऱ्या चोरणारी शेजारीण समजून शिव्या द्यायची. फडकं बांधलं की ओरबाडून काढायची, खड्ड्यात बोटं घालायची, नि तीच बोटं भिंतीला पुसायची. दोन घास पोटात ठरत नव्हते माझ्या. मंगळूची बायको भिमी गोठ्याच्या दाराशी पाण्याचं भांडं ठेवून पळायची. "मला उलटी होते गो बाय," म्हणायची. मला काय तिथं अत्तराचा वास येत होता?

मंगळूचं वेगळंच चाललं होतं. त्यानं वाळू भगताला आणलं. भगतानं सुपात तांदूळ टाकले, दाणे इकडं सारले, तिकडं सारले नि सांगितलं की म्हातारीनं कधीतरी नवस बोललाय, तो फेडला नाय, म्हणून देव तिची छाती खातोय. कसला नवस, ते तिच्याच तोंडून निघेल.

आता म्हातारीला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, ती नवस काय सांगणार? मंगळू दाराबाहेरूनच ओरडायचा, "आये, देवाला काय बोलली होतीस?" ती म्हणाली, "कोंबडा." कोंबडा कापला. पुढच्या खेपेला म्हणाली, "बोकड." तिला भूक लागली होती, दुसरं काय. बोकड कापला. भगत जेवला, पाडा जेवला, मंगळूनं नळ्या फोडून चोखल्या. आयच्या वाट्याला रस्सा आला, तोही मी मागून आणला म्हणून. एकदा ती म्हणाली, "म्हैस." तेव्हा मात्र भगत म्हणाला, "ह्ये काय खरं वाटत नाय." पाड्यात म्हैस होती ती त्याच्याच भावाची, नि ती देवाच्या नावानं फुकट द्यावी लागली असती.

मला त्या माणसांची शिसारी आली होती. आयच्या पुवाची तेवढी नाय. पू धुतला की जातो तरी.

जत्रा तोंडावर आली. पाड्यावरची माणसं विकायचे बैल धुऊन, शिंगं रंगवून तयार ठेवू लागली. बैलांना चोळून आंघोळी चालल्या होत्या नि माझी आय गोठ्यात सडत होती. तेव्हा माझ्या मनात आलं, नवस आयनंच सांगायचा ना? मग सांगू दे की.

सकाळी भगत ओटीवर बसला होता, पाड्यातली चार माणसं होती, म्हातारी अंबूबाई होती. मी गोठ्यातून हात न धुताच बाहेर आले नि म्हटलं, "आय शुद्धीवर आली होती. नवस बोलली."

सगळे माझ्याकडं बघू लागले.

"मंगळूला लहानपणी देवी आल्या होत्या," मी म्हटलं. ते खरं हाय, त्याच्या तोंडावर वण हायत. "तेव्हा ती देवाला बोलली, माझं पोर वाचलं तर माझ्या म्हातारपणी तेच आपल्या हातानं माझं अंग धुईल. रोज धुईल, मी जाईपर्यंत."

मंगळूचं तोंड उतरलं. "आयची छाती पोरानं बघायची?" तो म्हणाला. "लाज हाय का नाय?"

"तीच पिऊन वाढलास ना रे?" अंबूबाई म्हणाली. "तवा नाय वाटली लाज."

नवस आयच्याच तोंडून निघेल, हे भगताचेच शब्द. तो खाकरला नि म्हणाला, "नवस तो नवस."

मंगळू नाकातोंडाला पंचा गुंडाळून गोठ्यात शिरला. मी कोमट पाणी दिलं, फडकं दिलं, नि दारात उभी राहिले. सांगितलं, "आधी भिजव. मग सोडव. ओढू नको." त्यानं ओढलं. आय किंचाळली. परका पुरुष अंगाला हात लावतोय असं वाटलं तिला. दोन्ही हातांनी छाती झाकून ती भिंतीला लागली नि म्हणाली, "मेल्या, माझा पोरगा येईल आता. माझा मंगळू येईल, तुझं मुंडकं उडवील."

फडक्याबरोबर किडे पडले, त्याच्या पायावर. तो बाहेर धावला, उकिरड्यावर ओकला, नि थेट नदीवर आंघोळीला गेला. फडकं मी उचललं. आयला मी धुतलं. पण मनात म्हटलं, आज ओकला, उद्या शिकेल. मीही ओकूनच शिकले. मी माझं बोचकं बांधून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंगळू गोठ्याकडं फिरकला नाय. तो बोकड ओढत आणताना दिसला, मागून वाळू भगत. मी आधीच निरोप धाडला होता, त्यावर त्याच दुपारी कुंडलिक गाडी जोडून मला न्यायला आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कसाही असला तरी त्याच्या मागं माझं घर होतं, माझी चूल होती.

माणसं ओटीवर जमली. भगतानं पुन्हा तांदूळ टाकले होते म्हणे. तो म्हणाला, "देवाचं म्हणणं असं की पोरगा काय नि पोरगी काय, एकाच पोटची. हात कोणाचाबी चालतो. ह्या मालूनं धुतलं की ते मंगळूच्या नावावर लागतं. फकस्त बदल केला ह्ये देवाला बोकड देऊन सांगायचं."

त्या घरात पोरगा नि पोरगी सारखी, हे मी जल्मात पहिल्यांदा ऐकलं. ताटात दूध वाढताना आमी सारखे नव्हतो. शेताच्या तुकड्याला सारखे नव्हतो. पू पुसायची पाळी आली नि देवाला एकदम आठवलं.

मी बोचकं उचललं. "मी चालले माझ्या घरी. न्यायला आलेत."

मंगळू कुंडलिकाकडं वळला. "न्या की पावणं, खुशाल न्या. पण नवस आता तिच्या अंगावर हाय. अर्धा टाकून आली तर देव तिच्या मागं तुमच्या घरात शिरंल. मग आमाला बोल लावू नका."

कुंडलिक आपल्या बैलांकडं बघू लागला. त्याच्या तोंडावरून मला कळलं, हा आता नेणार नाय. मी म्हटलं, "नवस खोटा हाय. मी रचला. आय कायबी बोलली नाय."

कोणी चमकलंसुद्धा नाय. "सुटायला बघते," भगत म्हणाला नि हसला. मंगळू म्हणाला, "देवाचं नाव घेऊन कोण खोटं बोलंल?" बोकडाच्या मानेवर कापण्याआधीचं पाणी पडलंच होतं, आता त्यांना खरं ऐकायचं नव्हतं. स्वतःला मीच दावणीला बांधून घेतलं होतं.

"तुमी तरी ऐका," मी कुंडलिकाला म्हटलं.

"नवस फिटू दे," तो म्हणाला. "मग बघू." नि पाय धुऊन जेवायला थांबला.

मटण शिजलं. माजघरात पुरुषांची पंगत बसली, पळसाच्या पत्रावळी मांडल्या, भिमी वाढू लागली. कुंडलिक भगताशेजारी मांडी घालून बसला होता, नि बैलाचा भाव काय चाललाय ते विचारत होता. माझं घर त्या पंगतीत मोडत होतं नि त्याला बैलाचा भाव हवा होता. माझ्या अंगाचा भडका उडाला.

मी गोठ्यात गेले. आयला उचलली. वाळल्या काटकीएवढं वजन राहिलं होतं तिचं. तिला माजघरात आणली नि भगताच्या नि कुंडलिकाच्या मधे गोधडी टाकून बसवली. तिच्या बाजूला मी बसले, पुरुषांच्या रांगेत.

"पोरगा-पोरगी सारखी ना?" मी म्हटलं. "मग मी पोरगाच. पोरगा आयला गोठ्यात ठेवत नाय, नि पोरगा सासरी जात नाय. आजपासून आय इथं राहील नि मी इथं राहीन. ज्याला वास येतो त्यानं गोठ्यात जाऊन झोपावं. भिमे, दोन पत्रावळी मांड."

आयनं फडकं ओढून काढलं नि मांडीवर ठेवलं. छाती उघडी पडली. माश्या आधी तिच्यावर बसल्या, मग भातावर बसल्या. पहिला उठला तो कुंडलिक. हातही न धुता त्यानं बैल जोडले, मला आवाज दिला नाय. मीही हाक मारली नाय. मग भगत उठला, तोंडातला घास तोंडातच घेऊन ओटीवर गेला. मग रांगच उठली. मंगळू नाक धरून दारात उभा राहिला. घर त्याचं, तो जाणार कुठं?

भिमीनं आमाला वाढलं. या खेपेला ती पळाली नाय. आय जेवली, चवीनं जेवली. किती दिवसांनी तिच्या पानात मटणाचे तुकडे पडले होते.

"कोणाचं लगीन हाय गो?" तिनं मला विचारलं.

"लगीन नाय आये. तुझा नवस फेडतात."

तिनं हाड खाली ठेवलं. माझ्याकडं सरळ बघितलं, मी लहान असताना बघायची तसं.

"मी कुठं नवस बोलले?" ती म्हणाली. "देवाकडं जायला मला येळ कुठं व्हता? तुमचं हगणं-मुतणं काढता काढता जल्म गेला."

मंगळूनं ते ऐकलं. नाकावरचा हात मात्र त्यानं काढला नाय. मी उठले नि तिला धुवायला पाणी तापत ठेवलं.