चौकटीबाहेरची लिंबोणी

"मावशी, जरा इकडं सरका. लिंबोणी मागं येऊन राहिली."

नागुबाई सरकली नाही. "येऊ दे की. तिला बी घे."

मोहियोद्दीनने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. निलंग्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता. लातूर जिल्हा नवा झाला आणि तीन-चार वर्षांत दुष्काळ पडला, तेव्हा त्यावर माहितीपट काढायचं काम त्याला मिळालं. या गावच्या विहिरी आटल्या होत्या आणि टँकर अजून मंजूर नव्हता. आसपास हिरवं म्हणावं असं हे एकच झाड. नागुबाईच्या नवऱ्याने, व्यंकटीने लावलेलं. तो वारल्यापासून भांड्यांचं, आंघोळीचं सांडपाणी घालून तिने ते जगवलं होतं.

"हिरवं दिसलं की सायब लोक म्हणतील, हितं पाणी हाय," तो हळू म्हणाला. "मग टँकर कुठला यायला?"

नागुबाईने झाडाकडे एकदा बघितलं. मग सरकली.

त्याने भिंगावर पिवळी काच चढवली आणि स्टुलावर उभं राहून वरून तिला टिपलं.

महिन्याभराने शाळेच्या खिडक्यांना पोती लावून फिल्म दाखवली. पिवळ्या काचेमुळे आभाळ, माती, नागुबाईचं निळं लुगडं, सगळं एकाच करपट रंगाचं झालं होतं. वरून घेतल्यामुळे ती एवढीशी, जमिनीला चिकटल्यासारखी दिसत होती. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. लातूरहून आलेल्या अधिकाऱ्याने तिथंच टँकर जाहीर केला.

"नागू, लई केविलवाणी दिसलीस गं," शेजारची साखराबाई म्हणाली. "माझं काळीज हाललं."

"ती मी न्हवं," एवढंच बोलून नागुबाई घरी गेली.

फिल्म दाखवायचं यंत्र आवरणाऱ्या मोहियोद्दीनने ते ऐकलं. आठवड्याने तो साधा कॅमेरा आणि रंगीत रोल घेऊन तिच्या दारात आला.

"आता आनखी कशाला?"

"फिल्मसाठी न्हाई, मावशी. तुमच्यासाठी. लिंबोणीसंगट."

तिने तोंड धुतलं नाही, पाणी नव्हतंच. पदराने चेहरा पुसला आणि झाडाला लागून ताठ उभी राहिली. मोहियोद्दीन धुळीत पालथा पडला. खालून पाहताना तिच्या डोक्यामागे पानं होती, पानांमागे नुसतं आभाळ.

वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला. घागरी घेऊन बाया धावत सुटल्या.

"जा मावशी, नंबर जाईल."

"जाऊ दे. तू सावकाश काढ."

हॉर्न पुन्हा वाजला. नागुबाई हलली नाही.