चौसष्ट पायांची चिप

अपेक्षानं टेबलावरचं मल्टिमीटर, तारांची भेंडोळी आणि चहाचा ग्लास कोपरानं मागं सारला आणि दोन बोर्ड अय्यूबचाचांपुढं मांडले.

"सांगा चाचा, कोनता देखना?"

आर्णीतल्या या दुकानात चाचांनी चाळीस वर्षं मोटरपंपांचे स्टार्टर दुरुस्त केले होते. देखणेपणाचा निवाडा त्यांना आजवर कुणी मागितला नव्हता. अपेक्षाला त्याचं काय! लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारा आणि विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद करणारा डबा तिनं स्वतः बनवला होता. गेल्या वर्षी तीस डबे शेतांवर बसवले, त्यांतले सात जळाले. आता शंभर डब्यांच्या बोर्डांची ऑर्डर बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. हेही जळाले, तर तिच्या डब्याला तालुक्यात कुणी हात लावणार नव्हतं. डबे बसवणार चाचा, म्हणून ती विचारायला आली होती. खरं तर ऐकवायलाच.

"ह्या बोर्डावर एकच मोठा मायक्रोकंट्रोलर, म्हंजे मुख्य चिप. चौसष्ट पाय, सारी कामं एकटाच करते. अन् हा दुसरा लहान, वीस पायांचा. त्याच्या मदतीले ह्या तीन चिपा, सॉकेटात बसवलेल्या. नुसती खोगीरभरती!"

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्या चिपचा बोर्ड डोळ्याशी धरला.

"पाय कुठी हायेत इचे?"

"हायेत. बारीक हायेत."

"जळली तं मी काढू कशी?"

"जळनारच नाई, चाचा. लिहून देऊ का?"

 चाचांनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर पालथा केला. सात जळके बोर्ड. प्रत्येकावर लाल नेलपॉलिशनं गोल केलेला, सातही बोर्डांवर एकाच जागी. विहिरीत पाणी किती ते सांगणारी तार जिथून थेट चिपला जाते, तिथंच.

"वीज पडली असंल," अपेक्षा म्हणाली.

"विजेले कायले बोल लावतं? मोटरनं पानी कमी फेकलं, का आपला मानूस काय करते?"

हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. लाइनमननं खांबावर तारा मागंपुढं जोडल्या की मोटर उलटी फिरते आणि पाणी कमी फेकते. मग शेतकरी स्टार्टर उघडून कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करतो, मोटर सुलटी होते.

"तुह्या डब्यात मोटरच्या तारांले लागूनच विहिरीची तार. पलटवताना तेच उचलली अन् फेजवर लावली."

चारशे व्होल्ट, सरळ चिपमध्ये.

"असा कोन शहाना हाये?" ती उसळली. "झाकनावर एवढं मोठं लिहिलं हाये!"

चाचांनी एकेक बोर्ड उलटा केला. मागं चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. गुलाबसिंग. धनीबाई. शेवटच्या बोर्डावर सदाशिवराव.

"आमचे बाबा?" अपेक्षानं ती चिठ्ठी दोनदा वाचली. "मी यवतमाळहून रोज फोन करतो. ते तं म्हनते, डबा झकास चालून राह्यला."

"दिवाळीपासून बंद हाये. पोरगी हिरमुसंल, सांगू नोको म्हने."

तिनं तिथूनच फोन लावला.

"बाबा, लाइन आली का?"

"आत्ताच आली व."

"अन् मोटर?"

"तुह्या डब्यानं केली ना चालू! एकदम झकास."

पाठोपाठ फोनमध्ये स्टार्टरचं बटण दाबल्याचा खट्ट आवाज आला आणि मग कुठं मोटरची घरघर सुरू झाली.

"ठेवतो मी, बाबा," ती कशीबशी म्हणाली. तिला रडूही आलं आणि रागही आला, राग स्वतःचा.  मग तिनं नाक पुसलं, पेन्सिल घेतली आणि कागदावर विहिरीची तार डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. तिच्या वाटेवर पहिलीच एक लहान चिप, सॉकेटात.

"आता काई आलं, तं हे एकटीच जळंल. तुम्ही पेचकसाच्या टोकानं उचकटा अन् दुसरी दाबा. सोल्डरचा डाग द्याचं काम नाई."

"अन् ते चौसष्ट पायांची?"

"देखनी हाये. राहू द्या." तिनं मोठ्या चिपचा बोर्ड पिशवीत टाकला आणि फोनवर लहान चिपांच्या बोर्डाची ऑर्डर लिहायला घेतली. "झाकनाच्या आतून एकेक जास्तीची चिप चिकटवू, चाचा. शंभरही डब्यांत."

"बरं."

"अन् सदाशिवरावांच्या डब्यात चार."