आमेनचा हावरा

"झाली का रे?" ओवाद्याकाकांनी पडद्याआडून विचारले.

"काका, किती वेळा विचाराल? नाही झाली," शेजारच्या खाटेवरून गेर्शोन करवादला.

गेर्शोन जेरुसलेमच्या रस्त्यांवर बस चालवायचा. ऑपरेशननंतर लावलेली नळी सकाळी काढली होती; दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर पुन्हा घालू, असे तामार सिस्टरने बजावले होते. नळीच्या नुसत्या आठवणीने त्या धिप्पाड माणसाला घाम फुटत होता. पाणी पिऊन पिऊन त्याचा तांब्या रिकामा झाला होता.

"झाली की हात धू आणि देवाचे आभार मान. मोठ्याने. मला आमेन म्हणायचंय."

"मोरीतून आल्यावर देवाचं नाव?"

"मग कधी? उघडं राहायचं ते त्यानं उघडं ठेवलं, मिटायचं ते मिटलं, म्हणून आपण उभे. तुला तर आज हे नीटच कळतंय."

काकांनी त्याला लघवीनंतर म्हणायची ती ज्यू प्रार्थना शब्दाशब्दाने पढवली.

"तुम्ही स्वतः का नाही हो म्हणत?"

"माझी विहीर आटली, लेका. दिवसाआड मशीनवर रक्त धुऊन घेतो. त्यानंतर म्हणू का, असं आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना विचारलं. ते म्हणाले, जे घडतच नाही त्याचे आभार कसे मानशील? दुसऱ्यांच्या प्रार्थनेला आमेन म्हण. तेव्हापासून घरी मोरीच्या दाराला कान लावून बसतो. नातवंडं चावट, मुद्दाम कुजबुजतात."

गेर्शोन हसला आणि कळवळून पोट धरून बसला. "आणि तरी देवावर भरवसा?"

"विहीर आटली म्हणून पावसाला शिव्या देऊ?"

दुपारी तामार सिस्टर नळीचा ट्रे घेऊन आली. "शेवटचं जाऊन येतो," म्हणत गेर्शोन भिंत धरत आत गेला. काकांनी पडदा सारून कान टवकारले. बऱ्याच वेळाने नळाचे पाणी वाजले.

तो ओले हात घेऊन दारात उभा राहिला आणि प्रार्थना म्हणू लागला. मध्येच एका शब्दावर अडला. तो शब्द काकांच्या जिभेवर होता. त्यांनी ओठ मिटून घेतले. गेर्शोन चाचपडला, कसाबसा शेवटाला पोचला.

"आमेन!" काकांच्या आवाजाने सिस्टर दचकली. मग हसून ट्रे परत घेऊन गेली.

"बरोबर म्हटलं ना, काका?"

"एक शब्द चुकलास. पुढच्या वेळी जमेल."

लघवी होत नसल्याने काकांना दिवसभरात मोजकेच पाणी मिळे. उशाशी अर्धा पेला उरला होता. तो त्यांनी गेर्शोनच्या बाजूला सरकवला.

"पी," ते म्हणाले.