झाकण लावण्याआधीचा आकडा

घरात त्याला सगळे शास्त्रज्ञ म्हणत. थट्टेनं म्हणत, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात गेल्या महिन्यात सुटे भाग आणून त्यानं वहिनींसाठी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला, तेव्हापासून तर स्वारीचे पाय जमिनीवर नव्हतेच.

वहिनी फर्निचरच्या एका कंत्राटदारासाठी गिऱ्हाइकांच्या खोल्यांची चित्रं करून देत. ओटा इथे, कपाट तिथे, खिडकीतून पडणारं ऊनसुद्धा अगदी खऱ्यासारखं. जुन्या मशीनवर एका चित्रात अख्खी दुपार जायची. नवं मशीन आहे तसं चालवलं असतं तरी काम झटपट झालं असतं. पण सरळ रस्त्यानं जाईल तो शास्त्रज्ञ कसला! त्यानं प्रोसेसरचा वेग नेमून दिलेल्या वेगाच्या बराच वर चढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही वाढवलं. वहिनींनी काही मागितलं नव्हतं. मित्रांच्या ग्रुपवर टाकायला याला एक मोठा आकडा हवा होता, बस्स.

वेग वाढवला की प्रोसेसर तापतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं चाचणीही घेतली. पण कशी? मशीनचं बाजूचं झाकण काढून आणि समोर टेबलफॅन लावून. तापमान सत्तरच्या आसपास राहिलं. त्याचा फोटो ग्रुपवर गेला, वाहवा झाली. मग त्यानं झाकण लावलं आणि मशीन वहिनींच्या टेबलाखालच्या कप्प्यात सरकवून दिलं. झाकण लावल्यावर तापमान पुन्हा बघायचं असतं, हे ग्रुपवर नवख्यांना बजावणारा हाच.

थोड्याच दिवसांत मशीन टीं-टीं करू लागलं. पंच्याऐंशीच्या वर गेलं की ओरडायचं, असं तापमानाच्या प्रोग्रॅमला त्यानंच सांगून ठेवलं होतं. वहिनींनी हाक मारली. त्यानं येऊन आकडा बघितला आणि काय झालंय ते त्याला तेव्हाच कळलं. वेग तिथल्या तिथे उतरवता आला असता. पण मग ग्रुपवरची ऐट खोटी ठरली असती, आणि दादा जेवताना खिदळला असता ते वेगळंच. त्यानं इशाऱ्याची मर्यादाच शंभरवर नेऊन ठेवली. ओरडणं थांबलं.

"काही नाही वहिनी, जरा सेटिंग होतं."

ताप चढला म्हणून थर्मामीटर फेकून द्यावा, त्यातला प्रकार.

आणि आज भर दुपारी, चित्र सेव्ह होत असतानाच मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं तर फाइल उघडेना. एका गिऱ्हाइकाचं सबंध घर होतं त्यात, आणि गिऱ्हाईक संध्याकाळी बघायला येणार होतं.

शास्त्रज्ञ टेबलाखाली शिरून स्क्रू काढू लागला. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. वर वहिनी फोनवर होत्या आणि कंत्राटदाराचा आवाज खालपर्यंत येत होता.

"मी त्यांना काय दाखवू, माझं डोकं? असंच असेल तर पुढचं काम दुसऱ्या कुणाला देतो!"

"चूक माझीच आहे," वहिनी म्हणाल्या. "मशीन उत्तम आहे. आमच्या भाऊजींनी फार काळजीनं जोडलंय. माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असणार."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलाखालून बाहेरच येऊ नये असं वाटलं.

वहिनी खाली वाकल्या. "भाऊजी, तुमच्या मेहनतीची माती केली हो मी. रागावू नका."

"असं होतं कधी कधी," तो म्हणाला. खरंच म्हणाला. तोंडातून शब्द गेला आणि त्याला स्वतःची किळस आली.

"काय दाबायचं नाही ते सांगून ठेवा. पुन्हा हात नाही लावणार."

मग मात्र त्याला राहवेना. टेबलाखालूनच, त्यांच्याकडे न बघता, त्यानं सगळं सांगून टाकलं. वेग, फोटो, झाकण, गप्प केलेला इशारा. बोलताना कान तापले होते.

"मी सांगतो कंत्राटदाराला," तो शेवटी म्हणाला.

"नको. आत्ताच तुमची बाजू घेतली मी. आता कोणत्या तोंडानं शब्द फिरवू?"

त्यानं वेग मूळ पदावर आणला, व्होल्टेज उतरवलं, मशीन कप्प्यातून बाहेर मोकळ्यावर ठेवलं आणि या खेपेला झाकण लावून चाचणी चालवली. बराच वेळ थांबून आकडा पाहिला.

"पासष्ट आहे. आता काही काळजी नाही, वहिनी."

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. "तो आकडा कुठे दिसतो?"

"मी बघितलाय ना. ठीक आहे सगळं."

"तुम्ही सांगू नका, भाऊजी. मला दाखवा."

आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं दाखवलं. वहिनींनी चष्मा लावला, आकडा नीट वाचला, आणि किती झाला की थांबायचं तेही विचारून घेतलं. तो सांगत होता तेव्हा त्या पडद्याकडेच बघत होत्या.