शेंदूर फासलेल्या प्लेटा

शनिवारी सकाळी चांदे गावच्या पत्राशेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढं गावातल्या बायका मांडी घालून बसल्या होत्या, मागं हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं महागडे बूट हातात धरून उभी होती, आणि लवळ्याच्या हॉस्टेलची मुलं खिडक्यांना लटकली होती. चौथऱ्यावर मारुतीची मूर्ती, मूर्तीपुढं व्यायामाचा लोखंडी बार, आणि बारशेजारी गदानाथ महाराज. भगवी लुंगी, तेल चोपडलेले दंड, गालाला चिकटलेला माईक.

"भक्तहो, वजन म्हणजे काय? पृथ्वीची ओढ! आणि ओढ म्हणजेच माया! माझं शक्तिभस्म पोटात गेलं की माया सुटते, आणि माया सुटली की वजन सुटतं!"

शाळेत गुरुत्वाकर्षण पाठ करून पास झालेल्या इंजिनियरांनीसुद्धा माना डोलावल्या. शिकलेल्या माणसाला फसवायला फार काही लागत नाही, दोन अवघड शब्द पुरतात.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वैशालीबाईंनी मात्र ओठ घट्ट मिटले. बाई गावच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. तरुणपणी त्यांनी स्वतः पॉवरलिफ्टिंगमध्ये पदकं मिळवलेली. आणि आत्ता चौथऱ्यावर चढत होती ती त्यांचीच शिष्या, दिशा. ज्या शेडमध्ये हे चाललं होतं त्या शेडचे मालक हैबतराव, त्यांची एकुलती एक मुलगी.

खांद्यावर बार घ्यायचा, बैठक मारायची आणि वजनासकट उठायचं, याला स्क्वॉट म्हणतात. वर्षभर दिशा एकशेवीस किलोवर अडकली होती. काही केल्या आकडा पुढं सरकेना. राज्याच्या संघात जायचं तर त्याहून बरंच जास्त हवं होतं. असं अडकणं प्रत्येक खेळाडूच्या नशिबी येतं. त्यावर उपाय एकच: पोटभर प्रथिनं, झोप, सराव आणि धीर. पण गरजवंताला अक्कल नसते, आणि वीस वर्षांच्या पोरीला धीर तर त्याहून नसतो.

बारवर दीडशे किलो चढवले. दिशा खाली बसली ती उठलीच नाही; सेवकांनी बार धरला म्हणून वाचली.

"लोखंडावर अजून संस्कार झाला नाही!" महाराज गरजले. सेवकांनी बारच्या टोकांच्या लाल प्लेटा, म्हणजे वजनाच्या चकत्या, काढून पडद्यामागं नेल्या. तिथं म्हणे दुधानं आंघोळ घातली, शेंदूर फासला. इकडं घंटा, टाळ, धूप. सगळं शेड खोकायला लागलं. मग एकेका प्लेटला दोन-दोन सेवक लागून, कण्हत, घाम पुसत त्या परत आणल्या आणि बारवर चढवल्या. दिशानं चिमूटभर भस्म जिभेवर ठेवलं, बार खांद्यावर घेतला, बसली आणि ताडकन उठली.

शेड दणाणून गेलं. हैबतराव घळाघळा रडत होते. दिशा बापाच्या गळ्यात पडून म्हणत होती, "आबा, हलकं लागलं! खरंच हलकं लागलं!"

बाहेर वैशालीबाईंनी तिला गाठलं.

"दिशा, ती प्लेट तू हातात घेऊन बघितलीस?"

"मॅडम, खेळाडूनं स्वतःच्या प्लेटा लावायच्या नसतात. रंग बघायचा, आकडा समजायचा. लाल म्हणजे पंचवीस. तुम्हीच शिकवलंत."

ते खरंच होतं. स्पर्धेत वजन लावायला वेगळी माणसं असतात. खेळाडू येतो, उचलतो, जातो. लाल म्हणजे पंचवीस यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

"मग हलकं का लागलं, याचा विचार कर."

"भस्मामुळं! महाराज आधीच म्हणाले होते, हलकं लागेल म्हणून."

जो पुरावा चोरीचा, तोच चमत्काराचा. मागून आलेल्या हैबतरावांनी तर तोडूनच टाकलं. "बाई, तुमी देव मानत न्हाई. तुमाला ह्यातलं काय कळनार? तुमी चारलेल्या अंड्यांनी वर्सभर काय झालं, सांगा की!"

बाईंच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, हे गावाला ठाऊक होतं. तो टोमणा त्यांना लागला. पण त्याहून जास्त लागलं ते दिशाचं मान खाली घालणं.

महाराजांनी पथ्य सांगितलं: अंडी बंद, चिकन बंद, मासे बंद. नुसती फळं आणि भस्म. बरं, मांस सोडलंच तर डाळी, पनीर, सोयाबीन तरी खावं. तेही 'जड' म्हणून बंद! खांद्यावर दीडशे किलो घेणारी पोर केळ्यांवर राहिली. तिचे गाल बसले. रस्त्यात भेटली की बाईंना म्हणायची, "अंग कसं हलकंफुल झालंय, मॅडम." सराव तेवढा महाराजांपुढं, त्यांच्याच सेवकांनी चढवलेल्या प्लेटांवर.

निवडीची स्पर्धा पुण्यात होती. बाई आपल्या आपण बस पकडून गेल्या. फलकावर दिशाच्या नावापुढं पहिलाच प्रयत्न दीडशेचा होता. या खेळात पहिलं वजन बदलायला मुदत असते, आणि ती टळली की आकडा वर जातो, खाली येत नाही. मुदत टळली होती.

"सोडून दे हा प्रयत्न," बाईंनी तिचा हात धरला. "बाद झालीस तरी चालेल. पाया पडते तुझ्या."

दिशा प्रेमानं हसली. "मॅडम, घाबरता कशाला? मी उचललंय हे."

तिनं बार खांद्यावर घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल उमटलं. कुणीतरी ओळखीचं माणूस अचानक अनोळखी वाटावं, तसं. तरी ती खाली बसली. प्रेक्षकांत आलेल्या बापाकडं बघत खाली गेली. उठताना पुढं कलंडली. बाजूच्या माणसांनी बार झेलला, पण तेवढ्या एका क्षणात जे व्हायचं ते झालं.

कमरेच्या मणक्यातली चकती सरकून शीर चिरडली होती. ऑपरेशन झालं. डावं पाऊल घोट्यातून वर उचलेना. "चालेल ती," डॉक्टर म्हणाले, "पण वजन आता विसरा."

महाराज दवाखान्यात फिरकले नाहीत. सेवक नारळ घेऊन आला आणि निरोप देऊन गेला: पोरीनं पथ्य मोडलं, म्हणून शक्ती निघून गेली.

दिशानं भिंतीकडं तोंड केलं. "खरंय मॅडम. स्पर्धेच्या आदल्या दिवशी चक्कर येत होती. चोरून दोन अंडी खाल्ली मी. माझ्याच पापानं झालं." आणि दाराशी उभे असलेले हैबतराव म्हणाले, "येवडी भूक आवरली न्हाई व्हय गं तुला?"

पाय गेला त्यापेक्षा हे वाईट होतं. पाय तरी दुखून गप बसतो. हे पोरीला जन्मभर कुरतडत राहणार होतं. बाईंनी त्याच क्षणी ठरवलं.

पुढच्या शनिवारी शेड पुन्हा भरलं. गर्दी कमी झाली होती असं समजू नका, वाढलीच होती. पथ्य मोडल्याची शिक्षा बघून लोकांची श्रद्धा आणखी पक्की झाली होती! शेजारच्या नांदे गावचा कुणी पोरगा चौथऱ्यावर उभा होता. प्लेटा शेंदूर फासून बाहेर आल्या तशा वैशालीबाई उठल्या.

"थांबा. ही लाल प्लेट पंचवीस किलोची ना? मोजू या."

"देवाच्या वस्तूला काटा लावायचा नसतो!" महाराज कडाडले. "नास्तिक बाईचा हात लागला तर अनर्थ होईल!"

"बाहेर काढा बाईला," गर्दीतून कुणी ओरडलं. दोन सेवक पुढं आले. बाई हैबतरावांकडं वळल्या.

"दादा, माझं खोटं निघालं तर मी गाव सोडते. पण खरं निघालं तर तुमची पोर निर्दोष आहे. तुम्हाला हे बघायचं नाही का?"

हैबतराव उठले. मागच्या खोलीत गेले आणि भात मोजायचा काटा उचलून घेऊन आले.

"हैबतराव, देव कोपेल!"

"का कोपंल? देवाचा निवद आमी मोजूनच शिजवतो. मापानं देव बाटत न्हाई, महाराज. ठेवा प्लेट."

कुणी ठेवेना, तेव्हा त्यांनी स्वतःच एक उचलली. आणि उचलताक्षणीच त्यांचा चेहरा उतरला. काट्याकडं बघायची गरजच राहिली नव्हती, भाताची पोती वाहिलेले हात ते. तरी त्यांनी ती काट्यावर ठेवली.

पंधरा किलो.

दुसरी पंधरा. तिसरी, चौथीही. हैबतरावांनी पहारीनं एक फोडली. वर रबर, कडेला लोखंडाची कड, आणि आत लाकडाची चकती. पडद्यामागं पंचवीसच्या खऱ्या प्लेटा पोत्याखाली झाकलेल्या सापडल्या. चार प्लेटांत मिळून चाळीस किलोची चोरी होती. दीडशे म्हणून जे उचललं ते एकशेदहाच होतं. भस्म कसलं? गोवऱ्यांची राख आणि पिठीसाखर.

महाराज मागच्या दारानं निसटायला बघत होते. हॉस्टेलच्या मुलांनी त्यांना धरलं. पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला. लोक एकमेकांना "मला आधीच शंका होती" असं सांगत पांगले. हैबतराव मात्र फुटक्या प्लेटपाशी बसून होते. "बाई," ते म्हणाले, "मी माज्या लेकराला काय बोललो वो."

बाईंनी दिशाला सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी मी एकशेदहाच उचलले? माझे स्वतःचे एकशेवीस होते, मॅडम."

"होते. अंड्यांचे, घामाचे, तुझे."

मग ती रडली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. हैबतराव तिचं निर्जीव पाऊल मांडीवर घेऊन बसले होते. "तुजं काय चुकलं न्हाई बाळ," एवढंच म्हणत होते.

काही महिन्यांनी लवळ्याच्या एका कॉलेजात दिशाला बोलावलं. पावलाला पट्टा बांधून, काठी टेकत ती मंचावर चढली. पायरीवर अडखळली तेव्हा बाई पुढं झाल्या, पण तिनं नको म्हणून मान हलवली.

"मला कुणी वेडी म्हणू नका," ती म्हणाली. "मी हुशार होते, मेहनती होते. मला फक्त घाई होती. जे वर्षभर जमत नव्हतं ते चिमूटभर राखेनं जमलं, तेव्हा मी विचारायला हवं होतं, कसं? नाही विचारलं. विचारलं की देव रागावतो, असं मला सांगितलं होतं. जो देव विचारल्यावर रागावतो, त्याच्यामागं कुणीतरी माणूस लपलेला असतो. तुम्ही विचारा. मोजून बघा. डॉक्टरांना विचारा, शिक्षकांना विचारा, घरच्यांशी भांडून विचारा. माझं पाऊल आता परत येणार नाही. तुमची अजून शाबूत आहेत."