सतरावी चूक

आमच्या वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, हवामानाच्या खाली आणि शब्दकोड्याच्या वर, तीन चौकटींची एक चित्रपट्टी येते. एक नवरा, एक बायको आणि त्यांच्या मागे पाच गजांची खिडकी. एकोणीस वर्षांत नवऱ्याच्या डोक्यावर एक केस वाढला नाही, बायकोचा पारा उतरला नाही आणि खिडकीला सहावा गज कोणी बसवला नाही. ही पट्टी काढणाऱ्या गृहस्थांना आम्ही चौकटराव म्हणतो. अर्थात मागे. समोर साहेब म्हणतो, आणि तेच त्यांना खरं वाटतं.

ते पान माझ्याकडे असल्यामुळे पट्टीची वहीही माझ्याकडे. क्रमांक, चित्रकार, कधी आली, कधी छापली, शेरा आणि शेवटचा रकाना 'हातात किती'. चौकटराव नेहमी चौदा पट्ट्या पुढे असत. चित्रकार आजारी पडला, गावाला गेला किंवा रुसला तरी जागा रिकामी राहू नये, हा नियम त्यांनीच घातलेला. एकदा त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा तो आकडा अकरावर गेला होता. त्याच्या खाली कधी नाही.

चौकटरावांच्या पत्नी आमच्याच कचेरीत मुद्रितशोधक होत्या. चुका कशा शोधायच्या हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे माझ्याच शोधून शोधून शिकवलं. सगळे त्यांना बाई म्हणत, अजूनही म्हणतात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण घरी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय एकही पट्टी उंबरा ओलांडत नसे. चौकटरावांचा हात देखणा, लक्ष मात्र वाऱ्यावर. पहिल्या चौकटीत कप उजव्या हातात, दुसरीत डाव्या, तिसरीत कपच नाही. मग बाई विचारत, याने चहाबरोबर कपही गिळला का? चौकटराव मान खाली घालून ऐकत आणि ऐकता ऐकता कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडत. दोन आठवड्यांनी ते वाक्य पट्टीतल्या बायकोच्या तोंडी छापून येई आणि लोक पोट धरून हसत. हे मला ठाऊक होतं. बाईंना तर होतंच. चौकटरावांना कितपत ठाऊक होतं, याबद्दल माझी खात्री नव्हती.

ती झाली वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात. शनिवारची संध्याकाळ, सभागृह भरलेलं. एका वाचकाने उभं राहून विचारलं की साहेब, रोज रोज विनोद सुचतात तरी कसे? चौकटरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढा वेळ घेतल्यावर माणूस काहीतरी मोठं बोलणार, हे आम्ही ओळखलं.

"आपोआप सुचतात," ते म्हणाले. "बहुतेक आंघोळ करताना."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मोजून तीन.

सोमवारी वहीत हातात चौदा होत्या. त्या आठवड्यात नवी एकही आली नाही. शनिवारी आकडा आठवर आला. रविवारी पट्टी नसते, म्हणून एक दिवस तरी वाचला. मी फोन केला तेव्हा चौकटराव म्हणाले, थोडा सर्दीचा त्रास आहे. सर्दी हाताला झाली होती का, हे विचारायचं मी टाळलं.

खरं काय ते त्यांनीच पुढच्या मंगळवारी माझ्या टेबलाशी बसून सांगितलं. घरात भांडण नाही, आदळआपट नाही, जेवण वेळेवर. फक्त बाई बोलत नव्हत्या. म्हणजे बोलत होत्या, पण दुकानाच्या पाटीवर असतं तेवढंच. दूध आलं. किल्ली खिळ्याला आहे. पट्टी टेबलावर ठेवली की त्या तिच्याभोवतीची धूळ पुसून घेत, पण तिला हात लावत नसत. तशा न तपासलेल्या दोन पट्ट्या चौकटरावांनी मला दिल्या. मी संपादकांकडे नेल्या. संपादकांनी दोन्ही वाचल्या, कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, विनोद पुढच्या पानावर आहे का?

संपादक तसे वाईट नाहीत, पण त्यांच्या खणात एक मांजर होतं. एका एजन्सीने नमुना म्हणून पाठवलेलं, वर्षभराच्या तयार पट्ट्यांसह. लठ्ठ, आळशी, एकही शब्द न बोलणारं. पट्ट्या संपल्या त्या दिवशी मांजर बसवा, असं त्यांनी मला सांगितलं, आणि एकदा बसलेलं मांजर उठवायला त्यांना वेळ नव्हता, हेही सांगितलं. मी ते चौकटरावांना जसंच्या तसं कळवलं. एकोणीस वर्षांची जागा मांजराला जाणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा त्यांच्याच पट्टीतल्या नवऱ्यासारखा झाला.

"माफी मागा," मी म्हणालो.

"कशाची? त्या दिवशी तिचं नाव घ्यायला विसरलो, एवढंच ना."

"त्या दिवशी एकदाच?"

यावर ते उठून गेले. माफी मात्र त्यांनी मागितली, आपल्या पद्धतीने: लाल पेन्सिलींचा नवा डबा आणला आणि बाईंच्या चष्म्याशेजारी ठेवला. कामाला लागा, असा त्याचा अर्थ होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाईंनी डबा उचलून शेजारच्या मुलीला देऊन टाकला.

पाच. चार. दोन. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी शेवटची पट्टी छापली आणि मी वहीत शून्य लिहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लिहिल्यामुळे ते जरा वाकडं आलं. मांजर काढून टेबलावर ठेवलं. संध्याकाळी पान छपाईला सुटायला वीस मिनिटं असताना चौकटराव जिना चढून आले, धापा टाकत, हातात पाकीट. उघडून पाहिलं तर नवरा, बायको, खिडकी. तिन्ही चौकटींत बायको तोंड उघडून काहीतरी सांगते आहे आणि तिच्या फुग्यात काहीच नाही. अक्षर नाही, टिंब नाही. नवरा कानामागे हात धरून वाकला आहे.

मला ती बरी वाटली. मग सवयीने मोजायला लागलो. गज पाच, तीन, सात. घड्याळात साडेचार, पावणेदोन, आणि मग काटेच नाहीत. नवऱ्याचा चष्मा मधल्या चौकटीत बायकोच्या नाकावर. बाईंच्या तपासणीनंतरही एखाददुसरी चूक राहून जायची, तिला आमचा इलाज नव्हता. इथे मी सोळा मोजल्या. चौकटरावांकडे पाहिलं तर ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बुडाले होते. मी पट्टी लावली आणि मांजर खणात परत टाकलं.

बुधवारी सकाळपासून फोन. कोणी विचारत होतं, छापताना शब्द गळाले का? एका आजोबांनी स्वतःचे शब्द घालून वाचून दाखवले; ते त्यांच्या घरचे असावेत. चौकटराव दहालाच येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. साडेअकराला दारात बाई दिसल्या.

तीन वर्षांनी आल्या होत्या, पण चाल तीच. नवऱ्याकडे न पाहता त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि अंक उघडून समोर ठेवला. शेवटचं पान लाल झालं होतं. प्रत्येक चुकीला गोल, समासात आकडा.

"यांना सांगा," त्या मला म्हणाल्या, "घड्याळ उलटं चालत नाही."

मी मान वळवून सांगितलं. चौकटराव मला म्हणाले, तिला सांगा, चुकून झालं.

"सतरा चुका चुकून होत नाहीत. चुकून दोन होतात."

"सोळा," मी म्हणालो. मी मोजल्या होत्या.

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा पंचविशीत गेलो. मग पेन्सिलीचं टोक शेवटच्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवलं. तिथे एकोणीस वर्षं चौकटरावांची सही असते, शेपटी वळवलेली. तिथे काहीच नव्हतं. पांढरी जागा, आणि तिच्याभोवती लाल गोल. सतरा.

"विसरलात का?" आता त्या थेट त्यांना विचारत होत्या.

"नाही," चौकटराव म्हणाले. "जागा ठेवली."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ही सवय कोणाची कोणाला लागली, देव जाणे.

"ते ठीक," त्या म्हणाल्या. "पण सभेत सांगितलंत ना, आंघोळ करताना सुचतात म्हणून. मग अठरा दिवसांत दोन सुचल्या, त्याही परत आल्या. नळाला पाणी नव्हतं का?"

सगळी कचेरी हसली. संपादकही दारात येऊन हसले. चौकटराव हसले नाहीत. त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता आणि माझ्या वहीचं मागचं पान त्यांनी ओढून घेतलं होतं. अर्धं वाक्य लिहिल्यावर त्यांना कळलं की बाई पाहत आहेत. हात तिथेच थांबला.

"लिहा की," बाई म्हणाल्या. "नळाला हा शब्द राहिला."

मग दोघं माझ्याच टेबलावर बसली. मला उभं राहावं लागलं, पण तक्रार नाही. तासाभरात पट्टी झाली: व्यासपीठावर नवरा, खाली दुसऱ्या रांगेत बायको, आणि सभागृहाला खिडकी का, असं विचारू नये. सहीच्या वेळी चौकटरावांनी आपली सही केली आणि पेन बाईंकडे सरकवलं. बाईंनी नाव घालायला नकार दिला. नाव घातलं की लोक लग्नाला बोलावतात, म्हणाल्या. त्याऐवजी तपासलेल्या प्रूफवर आयुष्यभर करत आल्या ती बरोबरची खूण त्यांनी सहीशेजारी केली, लहानशी, पण सहीपेक्षा ठळक.

तेव्हापासून ती खूण रोज छापली जाते. हातात पुन्हा चौदा आहेत. मांजर खणातच आहे. संपादक अधूनमधून खण उघडून त्याच्याकडे पाहतात. मी वहीत चित्रकाराच्या रकान्यातून एक उभी रेघ ओढून त्याचे दोन केले.

त्या पहिल्या पट्टीचं मूळ चित्र माझ्याकडे आहे. त्या दुपारी ते छापायला देण्याआधी मी सवयीने गज मोजले. पाच, पाच, चार. बाई तेव्हा जिन्यात होत्या, नवऱ्याला नळावरून आणखी काहीतरी ऐकवत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. हाक मारली असती तर परत आल्या असत्या.

मी शेऱ्याच्या रकान्यात 'तपासली' असं लिहिलं आणि पान सोडलं.